वाकायचं नाही

दादा आला, पण पाण्याच्या तांब्याला त्याने हात लावला नाही.

मी तांब्या पुढे केला तेव्हा त्याने आधी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मान भिंतीकडे वळवली. जयवंत माझा थोरला भाऊ. माझ्या घरी आला की चप्पल पायात असतानाच ‘सुले, चहा टाक’ म्हणून हाळी देणारा माणूस. त्याच्या मागे मालनवहिनी खाली बघत उभी होती. त्यांच्या घरात थोरल्या पोराचं लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, दारातला मांडवसुद्धा उतरला नसेल, आणि ही दोघं तोंड पाडून माझ्या दारात.

“पाव्हणं कुठं हायत?” दादाने विचारलं.

तेव्हाच काय ते मी समजले. माझं लग्न झाल्यापासून दादा ह्यांना ‘दाजी’ म्हणत आला होता. दाजीचा पाव्हणा झाला की समजावं, काहीतरी चांगलंच बिनसलंय.

“कारखान्यावर. येतील एवढ्यात,” मी म्हणाले. “पाणी तरी घे.”

“ह्या घरचं पाणी नको.”

हे म्हणजे माझे यजमान, भीमराव. साखर कारखान्यात फिटर होते. नावाप्रमाणे अंगाने दांडगे आणि स्वभावाने इतके गरीब की दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा त्यांना ‘हाड’ म्हणवत नसे. बोलणं अगदी बेताचं. आमच्या घरात दोघांच्या वाटणीचं बोलणं मीच करायची. माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. आईवडलांनी हौसेने सुलोचना नाव ठेवलं. त्या दिवशी त्या सुलोचनेच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळीनिळी वर्तुळं होती, कडेने पिवळी पडू लागलेली. पहिल्यांदा झालं ते दिवाळीत. दुसऱ्यांदा संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या दिवशी. आणि तिसऱ्यांदा दादाच्या पोराच्या लग्नात, सगळ्या गावादेखत. मी नवरदेवाची आत्या. सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत होते. दुपारी पंगत उठल्यावर दम लागला म्हणून आतल्या खोलीत जाऊन जरा टेकले. हेही तिथेच कोपऱ्यात आडवे झाले होते. थोड्या वेळाने मी बाहेर आले ती असे डोळे घेऊन. बायकांची कुजबुज एकदम थांबली. खोलीत दोघंच होतो, दार लोटलेलं होतं. यापुढचं लोकांना कोणी सांगावं लागत नाही.

“काय झालं गं?” ज्याने त्याने विचारलं.

“काही नाही. आपोआप झालं.”

आपोआप कोणाचे डोळे काळे होतात का? मार खाणाऱ्या बायका काय सांगतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. मोरीत पाय घसरला, कपाटाचं दार लागलं, काही नाही, आपोआप झालं. मी खरं सांगत होते आणि ते शब्दाला शब्द त्यांच्या खोट्यासारखं होतं. संक्रांतीनंतर गावातल्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी लावायला मलम दिलं आणि ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले.

त्यात माझं बोलणं कमी झालं होतं. गेलं वर्षभर जीभ जड वाटायची, तोंडात मावत नसल्यासारखी. ‘स’ म्हणायला जावं तर भलतंच काही निघायचं. लोक हसण्याआधी आपण गप्प बसलेलं बरं, म्हणून मी गप्प बसायला लागले. हाताला मुंग्या येऊन भांडी सुटायची. पायऱ्या चढताना धाप लागायची. बावन्नाव्या वर्षी बाईला असं काहीबाही होतंच, असं मी धरून चालले होते. पण दादाने या सगळ्याचा हिशोब वेगळाच मांडला होता.

“आमची सुली गप बसनारी न्हवती,” तो वहिनीला म्हणाला, मी तिथे नसल्यासारखं. “सा म्हैनं झालं, फोनवर हूं का चूं न्हाई. हिची वाचा कुनी बंद केली? हातातनं भांडी पडत्यात. मानूस भ्यायलं की हात कापत्यात.”

“दादा, मी कोणाला भ्यायले नाही.”

“तू बोलू नगंस. तू त्याचीच बाजू वढणार.”

तेवढ्यात हे आले. जेवणाचा डबा हातात, अंगाला ग्रीसचा वास. दादाला बघून त्यांचं तोंड उजळलं, ते क्षणभरच. मग त्यांनी न पिता ठेवलेला तांब्या पाहिला.

“बसा,” हे म्हणाले.

“बसायला आलो न्हाई, पाव्हणं. सुलीला न्यायला आलोय. आन् जायच्या आधी तुमच्या तोंडनं ऐकायचंय. हात उचलता का न्हाई हिच्यावर?”

माझी खात्री होती की हे ‘न्हाई’ म्हणतील. एकच शब्द होता. तेवढा एक शब्द बोलायला त्यांना काही जड नव्हतं. हे डबा हातात धरून उभे राहिले. मी वाट पाहत होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, “उचलत असंन.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

“असंन म्हंजे?” दादा ओरडला.

“झोपंत. मला उमगत न्हाई. माझा बा झोपंत हात झाडायचा, एकदा आईच्या तोंडाला लागलंतं. माझंबी तसंच हुत असंल. न्हाईतर हिचं डोळं कशानं काळं हुतील? दुसरं हायच कोन घरात?”

एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. संक्रांतीपासून हे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होते, मला वाटायचं थंडी वाजते. उजव्या मनगटाभोवती कातडी सोलवटून लाल वळ उमटला होता.

“हात खाटंच्या दांडीला बांधून झोपतोय,” हे म्हणाले. “लग्नात दुपारी डोळा लागला, तवा बांधला न्हवता.”

मी त्या मनगटाकडे बघत राहिले. या माणसाबरोबर मी जन्म काढला होता आणि शेजारच्या खाटेवर तो हात बांधून निजतो हे मला कळलं नव्हतं. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू, संतापच आला. सगळ्या जगाने ह्यांच्यावर संशय घ्यावा, आणि ह्यांनी त्या जगाला जाऊन मिळावं?

दादाला मात्र हवं होतं ते मिळालं होतं. त्याने ह्यांच्या शर्टाची गळपट्टी धरली. “झोपंत? झोपंत नेमकं दोनी डोळ्यांवर बसतंय व्हय? कुनाला शिकवतोस?” हे सोडवूनसुद्धा घेत नव्हते. मार खायला तयार झाल्यासारखे उभे होते. “वैने, हिची कापडं भर,” दादा म्हणाला. रागाच्या भरात तो स्वतःच्याच बायकोला वैनी म्हणाला, आणि कोणाला हसू आलं नाही. “आज हिला न्हेतो, उद्या पोलिसात कळवतो. पुन्यांदा ह्या घराचं तोंड बघायचं न्हाई.”

“दादा, पाया पडते तुझ्या, त्यांना सोड,” मी म्हणाले.

आपण असं बोलतो. भाजीवाल्याशी भाव करतानाही म्हणतो, पाया पडते बाई, पण एवढ्याला दे. कोणी खरंच पडत नाही. मी त्या दिवशी पडले. दादाची पावलं दोन्ही हातांनी धरली, त्यावर कपाळ टेकलं आणि सगळा जीव एकवटून ओरडत राहिले, “त्यांनी मारलं नाही रे, नाही मारलं, कसं सांगू तुला.” माझी जड जीभ नीट उच्चारही करू देत नव्हती. दादा म्हणत होता ऊठ, वहिनी म्हणत होती उठा वन्सं, आणि मी डोकं वर काढत नव्हते. तू त्यांना सोडल्याशिवाय उठणार नाही म्हणत होते. तो हट्ट बराच वेळ चालला.

शेवटी त्याने गळपट्टी सोडली. मी डोकं वर केलं.

वहिनी किंचाळली.

“आवं, वन्संचं डोळं बघा, डोळं बघा वन्संचं!”

दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मला माझे डोळे कुठे दिसत होते, नुसत्या पापण्या जड झाल्यासारख्या वाटत होत्या. वहिनीने भिंतीवरचा आरसा काढून माझ्यापुढे धरला. पिवळ्या पडलेल्या वर्तुळांवर नवा जांभळा रंग पसरत होता. माझ्या बघता बघता पसरत होता. खोलीत चार माणसं होती, उन्हं दारात होती, आणि मला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“मी न्हाई,” दादा म्हणाला. “मी काय केलं न्हाई तिला.”

एवढ्या सगळ्यातही मला वाटलं, बरं झालं, आता हे म्हणायची पाळी तुझ्यावर आली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघं मिरजेला गेलो. दवाखाना मोठा होता, पण आमच्या वाट्याला आल्या त्या डॉक्टर कुडचीकर वयाने मला लेक शोभेल एवढ्या होत्या. दादाने सगळं सांगितलं. “माझ्या पाया पडली, आन् डोळं काळं झालं. माझ्या देखत,” असं तो जबानी दिल्यासारखं बोलला.

“याआधी कधी कधी झालं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“दिवाळीत,” वहिनी म्हणाली. “मग संक्रांतीला. मग आमच्या पोराच्या लग्नात. सणावारीच हुतंय बघा.”

“सणावारी तुम्ही वेगळं काय करता?” त्यांनी मला विचारलं.

“वेगळं काय करणार? रांधते, वाढते. ओटी भरली की पाया पडते. आल्यागेल्याच्या पाया पडते.”

“वाकून?”

“मग कसं पडणार?”

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. “तुमचं बोलणं पहिल्यापासून असंच आहे? जड?”

“न्हाई,” दादा मध्येच म्हणाला, “पयलं ही लई बोलायची.”

“जीभ दाखवा बघू. बाहेर काढा, पूर्ण.”

जन्मभर मला सगळ्यांनी जीभ आवर म्हटलं होतं. बाहेर काढ म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. मी काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिली, मग वहिनीलाही जवळ बोलावून दाखवली. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे उमटले होते, करंजीच्या मुरडीसारखे. जीभ फुगली होती आणि तोंडात जागा नव्हती.

त्यांनी पोटाच्या कातडीखालून सुईने थोडी चरबी काढली. पुढच्या खेपेला माझ्या हाडातलंही काही काढलं. रक्त, लघवी, हृदयाची सोनोग्राफी, सगळं झालं. ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला.

“ही तुमची चरबी. तिच्यावर लाल रंग टाकलाय. आता मी उजेड बदलते.”

लालसर डागांमध्ये एकदम पोपटी हिरवं चमकायला लागलं. दिसायला देखणं होतं, नाही म्हणवत नाही.

“हे हिरवं जे दिसतंय ना, ते तिथे असायला नको,” डॉक्टर म्हणाल्या. “याला अमायलॉइडोसिस म्हणतात. फार कमी लोकांना होतो. हाडांच्या मगजात काही पेशी असतात, त्या रोगांशी लढणारं प्रोटीन बनवतात. तुमच्या त्या पेशींपैकी काही बिघडल्यात. त्या प्रोटीनचा एक चुकीचा तुकडा बनवत राहतात. त्याची घडी नीट बसत नाही, तो विरघळत नाही, शरीराला बाहेरही टाकता येत नाही. मग तो मिळेल त्या जागी साचतो. तुमच्या जिभेत साचलाय. मनगटात साचलाय, म्हणून मुंग्या. मूत्रपिंडात थोडा आहे. हृदयात नुकता कुठे दिसायला लागलाय, आणि तिथे वाढू द्यायचा नाही, कारण माणसं दगावतात ती त्याने.”

“आणि डोळे?”

“रक्ताच्या बारीक नळ्यांतही साचलाय. त्या ठिसूळ झाल्यात. डोळ्यांभोवतीची कातडी सगळ्यात पातळ. तुम्ही खाली वाकलात, जोरात खोकलात, की दाब वाढतो आणि त्या फुटतात.”

“प्रोटीन वाढलंय म्हंजे,” वहिनीने विचारलं, “डाळी बंद करायच्या का? अंडी?”

“नाही. खाण्यातल्या प्रोटीनचा याच्याशी संबंध नाही. डाळ भरपूर खाऊ द्या त्यांना.” तरी माझ्याकडे राहायला आलेल्या वहिनीने पुढचे दोन महिने मला वरणाचा थेंब दिला नाही.

हे तोवर कोपऱ्यात उभे होते. आता पुढे आले. “ट्यूबला आतनं थर धरतोय, तसं?” त्यांनी विचारलं. कारखान्यात उसाचा रस तापवायच्या नळ्यांना असा थर बसतो, हंगाम संपला की तो खरवडून काढायचं काम ह्यांच्याकडे असायचं.

“हो, तसंच समजा.”

“मग खरवडून?”

“हा खरवडता येत नाही. नवा थर धरणं आपण औषधाने थांबवू शकतो. जुना शरीर आपलं आपण काढतं, हळूहळू, जमेल तेवढा.”

ह्यांनी मान हलवली. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “डॉक्टर, म्हंजे मी न्हाई?”

डॉक्टरांना कळलं नाही. “काय तुम्ही नाही?”

हे उजवं मनगट डाव्या हाताने धरून उभे होते. उत्तर दादाने दिलं.

“न्हाई, दाजी,” तो म्हणाला. “तुमी न्हाई.”

इतका मोठा रोग निघाला, हृदयापर्यंत पोचलेला, तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

परत येताना दादा घरी थांबला आणि तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायला. आणखी मागून घेतलं.

मग दर आठवड्याला मिरज. पोटात इंजेक्शन, जोडीला गोळ्या. उलट्या, थकवा, सुजलेले पाय, सगळं यथासांग झालं. ते सांगत बसत नाही, आजारपणाच्या गोष्टी ज्याच्या त्याला गोड. वर्ष संपता संपता बिघडलेल्या पेशी आटोक्यात आल्या. जीभ थोडी उतरली, ‘स’ परत आला, आणि ह्यांच्या कानाची सुट्टी संपली. डोळ्यांच्या नळ्या मात्र ठिसूळच राहिल्या. डॉक्टरांनी औषधांच्या कागदावर सगळ्यात खाली मराठीत लिहिलं होतं, ‘वाकायचं नाही’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आमच्याकडे न वाकणारी बाई म्हणजे काय ते सांगायला नको. मी नुसते हात जोडायची. सासरची वडीलधारी माणसं पाय पुढे करून उभी राहायची आणि मी ताठ. ‘मिरजेला जाऊन आल्यापासून सुलोचनाबाईंचा कणा लई ताठ झालाय,’ असं एक जाऊबाई म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. पण त्याचाही बंदोबस्त ह्यांनी केला. माझ्या तोंडातून त्या रोगाचं नाव कधीच धड निघालं नाही. दिवसभरात चार शब्द बोलणाऱ्या ह्या माणसाने ते पाठ केलं. कुठल्याही लग्नात, बारशात, देवळाच्या पायरीवर हे माझ्या अर्धं पाऊल पुढे व्हायचे आणि कोणी विचारण्याआधी म्हणायचे, “हिला वाकायचं न्हाई. अमायलॉइडोसिस हाय.” समोरच्याला काही कळायचं नाही, पण पुढे विचारायची छाती व्हायची नाही. खाली पडलेलं काही असेल तर हे उचलायचे. माझ्या चपलेचा पट्टासुद्धा हेच लावायचे, चारचौघांत, गुडघा टेकून. हात बांधून झोपणं त्यांनी सोडलं, पण मनगटावरची खूण काही गेली नाही.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, तुमच्या हृदयाची काळजी घ्या. कितीतरी वर्षं मी माझ्याच घेत राहिले. गेल्या मार्गशीर्षात, सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता, हे गेले. हृदय थांबलं. माझं नव्हे, त्यांचं.

तिरडी उचलायच्या आधी बायकांनी मला बाहेर आणलं. दादा आता म्हातारा झालाय, काठी टेकत तो माझ्यापाशी आला.

“सुले, नुस्तं हात जोड,” तो म्हणाला. “तुला वाकायचं न्हाई. दाजींनी किती जपलंय तुला.”

मी त्याचं ऐकलं नाही. गुडघे टेकले, ह्यांची पावलं धरली आणि कपाळ त्यावर ठेवलं. पावलं थंड होती. या माणसाला मी शेवटचा वाकून नमस्कार कधी केला होता ते आठवेना. मी बराच वेळ तशीच राहिले. कोणी ऊठ म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांची एक लांबची चुलत मावशी इचलकरंजीहून भेटायला आली. तिला जुनं काही ठाऊक नव्हतं. ती माझ्याजवळ सरकली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि दचकली. भिंतीशी बसलेल्या दादाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण त्याला ऐकू गेलंच, तिने विचारलं, “अगं बया, डोळ्यांना काय झालं? कशानं झालं हे?”

दादाने मान वर केली.

“ह्यांच्यामुळं,” मी म्हणाले.